शेवटच्या ऑर्डरची घंटा

१४ डिसेंबर. चिकपेटमधून अस्तराचं कापड आणि काठांचे ताके आणायचे, एवढ्याच कामासाठी मी बेंगळुरूला आले होते. सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लग्नसराई आली की आमच्याकडचे व्यापारी चारच रंग दाखवतात आणि पाचवा मागितला की आपल्याकडे असं बघतात, जणू मी त्यांची किडनी मागितली. म्हणून दरवर्षी एकदा इकडे यायचं, राजाजीनगरात आत्याकडे उतरायचं आणि ताके घेऊन परतायचं. देखावे बघायला मी जात नाही. यंदा मात्र एक देखावा बघितला, तो सांगते.

मिरजेहून दुपारी सुटलेली गाडी सकाळी यशवंतपूरला पोचली. चांगली बोचरी थंडी होती. रिक्षावाल्याला राजाजीनगर म्हटलं तर तो म्हणाला, "स्वल्प जास्ती कोडी, अक्का." (थोडे जास्त द्या, ताई.)

"स्वल्प म्हणजे किती, ते आधी बोल," मी हिंदीत म्हटलं.

"स्वल्प म्हणजे स्वल्प," तो हसून म्हणाला. शेवटी मीटरवर आला. उतरताना म्हणाला, "तुमच्या घरात तुमचे यजमान बोलतात का कधी?" मी म्हटलं, "स्वल्प."

दार उघडल्यावर माईनं 'ये' म्हणायच्या आधी विचारलं, "घंटा आणलीस?"

माई म्हणजे माझी सख्खी आत्या. ऐंशी ओलांडली आहे, काठी घेऊन चालते, पण डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. लग्न होऊन ती इथं आली, तिचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. अप्पा गेल्यावर माईनं इथल्या मराठी मंडळाच्या छोट्या गणपतीच्या देवळाला एक मोठी पितळी घंटा दिली. दर चतुर्थीला ती जायची, घंटा वाजवायची आणि अप्पांशी जे बोलायचं ते तेवढ्यात बोलून घ्यायची. रडणं वगैरे नाही. "यांना ऐकू कमी यायचं, म्हणून मोठी घेतली," असं ती सांगायची.

त्या घंटेवरच्या नावाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी नाश्त्याला इडली वाढताना माईनं ती पुन्हा सांगितली, कारण मी चिकपेटला निघाले होते आणि घंटेवर नाव तिथंच घातलं होतं. कोरणाऱ्याला देवनागरी अक्षरं हुबेहूब काढता येत, अर्थ कळत नसे. माईनं कागदावर लिहून दिलं होतं, 'कै. दत्तात्रय सखाराम कुलकर्णी यांच्या स्मरणार्थ, इंदिराबाई कुलकर्णी यांजकडून.' त्यानं पाहिलं, नवऱ्याच्या नावाला कै. आहे आणि बायकोच्या नावाला काहीच नाही. त्याला वाटलं, कै. म्हणजे श्रीसारखं काहीतरी मानाचं असणार आणि बाई संकोचानं स्वतःला लावत नाहीत. त्यानं पदरचं एक कै. माईलाही लावून टाकलं.

"मेलेल्या बाईनं घंटा दिली," माई म्हणाली. "देव म्हणाला असता, ही वर आलीच नाही अजून, घंटा कुठून आली? मग यांच्या हत्यारांच्या पेटीतली काणस काढली आणि बसले घासत. पूर्ण नाही गेलं. स्वल्प दिसतंय. पण आपल्याला माहीत आहे ना, की मी आहे."

दोन वर्षांपूर्वी ती घंटा देवळातून गेली. माझा आतेभाऊ श्रीकांत, माईचा मुलगा, मंडळाचा सभासद आहे. त्यानं माईला सांगितलं की घंटेला चीर गेली, म्हणून ती कोल्हापूरला ओताऱ्याकडे नव्यानं ओतायला पाठवली आहे. तेव्हापासून माई वाट बघते आहे. आणि मी सांगलीला राहत असल्यामुळे कोल्हापूर जणू माझ्या परसात आहे अशा समजुतीनं ती मला दर फोनला विचारते. निघायच्या आधी मी एक अख्खा दिवस दुकान बंद ठेवून कोल्हापुरात ओताऱ्यांची दुकानं धुंडाळली होती. एकानं चहा पाजला. एकानं विचारलं, कुणाच्या नावावर पाठवली, कुठल्या तारखेला, मला दोन्ही सांगता येईना. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "बाई, बेंगळुरूहून घंटा आली असती तर आम्हा सगळ्यांना कळलं असतं. कुणीतरी तुम्हाला फिरवतंय."

हे मी नाश्त्याच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. श्रीकांत पेपरच्या आडून म्हणाला, "कारागीर लोक ते. वेळ लागतो, सुमा."

"कुठल्या कारागिराला?"

"चिटणिसांना माहीत. सकाळी सकाळी काय चौकशी लावलीयस?"

माई म्हणाली, "कोल्हापूर काय चंद्रावर आहे का, श्री?" आणि चटणीचं भांडं त्याच्यापुढून उचलून माझ्यापुढे ठेवलं.

मेट्रोनं चिकपेटला गेले. त्या गल्ल्यांत माणूस चालत नाही, मागचे लोक त्याला नेतात. माझं ठरलेलं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथं गादीवर बसून रंग काढायला सांगितले. मोरपंखी मागितला तर दुकानदारानं रामा रंग काढला आणि शपथेवर सांगितलं की हाच मोरपंखी. मी ताका उचलून खिडकीपाशी नेला. उजेडात त्याचं खोटं उघडं पडलं, तसा तो म्हणाला, "सरी, सरी," (बरं, बरं) आणि मुलाला खरा मोरपंखी आणायला पिटाळलं. मला राग आला नाही. रंगाच्या बाबतीत खोटं बोलणं हा त्या धंद्याचा भाग आहे आणि उजेडात नेणं हा माझ्या.

संध्याकाळी माईला घेऊन देवळात गेले. घंटेच्या जागी आता भिंतीला एक यंत्र बसवलं आहे. बटन दाबलं की नगारा, झांजा आणि घंटा एकदमच सुरू होतात, लाकडी दांडे धडाधड आपटतात. आरती म्हणणारा एक पुजारी आणि मोबाइलवर बोलणारे दोन गृहस्थ. माईनं कानावर पदर घेतला. छताला जुना आकडा तसाच होता, रिकामा. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि आरती संपल्यावर म्हणाली, "हे सगळे एकदम ओरडतात. यांना ऐकू येणार नाही माझं."

रात्री श्रीकांतच्या मुलीनं, ऋतानं, बढती मिळाली म्हणून बाबांना आणि मला बाहेर न्यायचं ठरवलं होतं. ती हेब्बाळला नोकरी करते आणि तिच्या ऑफिसजवळ एक बार आहे, जिथं उशिरापर्यंत कॉकटेल मिळतात. "अगदी ब्रिटिश पब आहे, सुमाआत्या. तुला आवडेल." मला आवडेल असं तिला का वाटलं, देव जाणे. पण दारूचा मला बाऊ नाही, आणि पोरीनं स्वतःच्या कमाईनं बोलावलं होतं. गेले.

हेब्बाळच्या पुलावर एवढा वेळ अडकलो की त्यात माझे दोन ब्लाउज कापून झाले असते. बारच्या दारातल्या रखवालदारानं माझी पिशवी तपासली आणि कापड कापायची कात्री जप्त केली. "जाताना देतो," म्हणाला. मी त्याला बजावून सांगितलं की तिनं कागद कापायचा नाही.

आत अंधार. काळपट लाकडाच्या भिंती, हिरव्या फरशा, कोपऱ्यात लाल टेलिफोनची खोली, तिच्यात टेलिफोन नाही. भिंतीवर घोड्यावर बसलेले गोरे, कुत्रे घेतलेले गोरे, मेलेल्या वाघावर पाय ठेवलेले गोरे. एक शेकोटी होती. तिच्यात विजेच्या ज्वाळा हलत होत्या आणि बरोबर तिच्या डोक्यावर एसी चालू होता. मी शाल काढली नाही. वाढणाऱ्या मुलांना आपल्या उकाड्याच्या देशाला न शोभणारी जाकिटं घातलेली होती. श्रीकांत मात्र खुलला. तो नोकरीत असताना एकदा ट्रेनिंगला इंग्लंडला गेला होता आणि ते तो विसरू देत नाही. "अगदी अस्संच असतं तिकडे," म्हणाला. "हा वाससुद्धा तोच."

"फिनेलचा आहे," मी म्हटलं. ऋता हसली.

तिनं माझ्यासाठी चिंच, गूळ आणि आलं घातलेलं काहीतरी बिनदारूचं मागवलं. तोंडात रसमाची चव आली, वर पुदिन्याचं पान. वाईट नव्हतं. श्रीकांतनं व्हिस्कीचं कॉकटेल घेतलं, ज्यात जाळलेल्या दालचिनीचा धूर कोंडला होता. फिश अँड चिप्स आलं, मासा बरा होता, बटाटे मऊ पडलेले. गाणी इंग्रजी, बोलणी सगळ्या भाषांतली, बाजूच्या टेबलावरची पोरं एकमेकांना 'मगा' (बाबा, लेका) म्हणून हाका मारत होती. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. ज्यांना खोट्या विलायतेत बसायचं त्यांनी बसावं.

मग काउंटरवरच्या माणसानं दोरी ओढली आणि घंटा वाजली.

"लास्ट ऑर्डर्स," तो ओरडला. इंग्लंडात म्हणे अशीच घंटा वाजवून शेवटची ऑर्डर घेतात, श्रीकांत सांगू लागला होता. पण सांगता सांगता थांबला. घंटेचा आवाज पितळी, खोल, लांबत जाणारा. तो आवाज आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षं ऐकलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो ग्लासात बघत होता.

मी उठून काउंटरपाशी गेले. घंटा दिव्याखाली टांगलेली होती, शेजारी इंग्रजी पाटी, एका जुन्या इंग्रजी जहाजावरची घंटा म्हणून. मी चष्मा लावला आणि घंटा हातानं फिरवून उजेडाकडे वळवली. कै. दत्तात्रय सखाराम कुलकर्णी यांच्या स्मरणार्थ. त्याच्याखाली घासलेला पट्टा. आणि मग इंदिराबाई कुलकर्णी यांजकडून.

"मॅम, प्लीज टच मत कीजिए," काउंटरवरचा म्हणाला. पोट सुटलेला, चाळिशीचा माणूस, मॅनेजर असावा. "शिप का बेल है. अँटिक."

"कोणत्या जहाजावर कुलकर्णी असतात?" मी मराठीतच विचारलं. तोंडातून तेच निघालं.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग आवाज उतरवून मराठीत म्हणाला, "मी निपाणीचा आहे, मॅडम. वाचता येतंय की मला."

"मग ही पाटी?"

"पाटी मालकांची. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही कुणी." त्यानं फडक्यानं काउंटर पुसला. "भंगारवाल्याकडनं घेतलीय, रीतसर. चोरीचा माल न्हाई."

"देवाला दिलेली घंटा आहे, हे तुला कळलं होतं. आणि रोज रात्री तू ती वाजवून दारू विकतोस."

"रागावू नका. मी काय केलं असतं, सांगा की. कुणाला देऊ परत? वाचा तुम्हीच. नवऱ्याच्या नावाआधी कै. आहे. बायकोच्या नावाआधी घासलंय, पण कै. दिसतंय तिथंपण, नीट बघा. दोघंबी गेलेली माणसं. मागायला येणार कोण?"

मला इतका संताप आला की माझा आवाज उलट बारीक झाला. माझा तो तसा होतो. "ती बाई," मी म्हटलं, "या घडीला राजाजीनगरात झोपली आहे. ते कै. कोरणाऱ्याची चूक होती आणि तिनं ते स्वतः काणशीनं घासलं. तिला मेलेली समजून तुम्ही सगळे बसला आहात. तुझे मालक कधी भेटतील?"

"उद्या सकाळी यायचेत. नवा फ्रीज बसवायचाय."

"मग उद्या सकाळी ती येईल. तोपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही."

"मॅडम, लास्ट ऑर्डरची वेळ झाली की उद्यापण वाजवावी लागते मला."

"तोंडानं ओरड."

टेबलाकडे परतले तर ऋता बाबांकडे बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. रखवालदाराकडून कात्री घेतली, धार बघितली आणि गाडीत बसले. पूल मागे पडला.

"सगळ्यांच्या मतानं झालं," श्रीकांत शेवटी म्हणाला. "यंत्राची देणगी आली. जुनी घंटा ठेवायला जागा नव्हती. चिटणिसांनी भंगारात दिली. मी काय एकटा विरोध करू?"

"करायचा नव्हतास. घरी आणायची होतीस. डायनिंग टेबलाखाली मावली असती."

"भंगारात दिल्याचं मला नंतर कळलं. तेव्हा ती गेलेली होती. आईला काय सांगायचं? वाटलं, ओतायला दिलीय म्हणावं. हळूहळू विसरेल."

"माई? विसरेल?"

"किंवा," तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. किंवा आज ना उद्या ती जाईल आणि प्रश्न मिटेल. निपाणीच्या माणसानं निदान कोरलेलं वाचून तिला मेलेली धरलं होतं. हा रोज तिच्या हातची इडली खात होता. बाहेर बघत मी एवढंच म्हटलं, "मी एक दिवस कोल्हापूरभर वणवण केली, श्रीकांत. तू मला थांबवू शकला असतास. उद्या सकाळी चहाला तू तिला सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही."

"बाबा, तुम्ही सांगा," पुढून गाडी चालवणारी ऋता म्हणाली. एवढंच.

घरी येऊन मी ताके मोजून पिशव्यांत भरले, कारण झोप येईना आणि हात रिकामे ठेवले तर मी त्याला उठवून पुन्हा भांडले असते. प्रवासाला निघताना लोक सांगतात, परक्या गावात सांभाळून, माणसं फसवतात. रिक्षावाल्यानं मला फसवलं नाही. कापडवाल्यानं एकदा फसवलं आणि तोंडावर सापडला. दोन वर्षं पद्धतशीर फसवणूक झाली ती घरातल्या घरात, पेपरच्या आडून, आणि म्हाताऱ्या बाईला त्रास नको या गोड नावाखाली. मला त्या बारचा राग नव्हता उरला. तो निदान स्वतःला देऊळ म्हणवत नव्हता.

सकाळी चहाला श्रीकांतनं सांगितलं. कपाकडे बघत, पण सगळं सांगितलं, भंगार, यंत्र, कोल्हापूर. माईनं ऐकून घेतलं. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे कोल्हापूरला गेलीच नव्हती."

"नाही, आई."

"आणि मी चतुर्थीला त्या रिकाम्या आकड्याखाली उभी राहायची, तेव्हा तू शेजारी असायचास."

श्रीकांतनं कप खाली ठेवला.

"माझी काठी कुठंय?" माई म्हणाली. "आणि यांची हत्यारांची पेटी घे बरोबर."

पेटी श्रीकांतनं उचलली. गाडीतही त्याच्या मांडीवर होती.

बारमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या आणि एक मुलगी फरशी पुसत होती. दिवसाच्या उजेडात शेकोटीची वायर दिसत होती. दारात माई थांबली. मला वाटलं, दमली. तिनं भिंतीला हात टेकून चपला काढल्या, बाजूला नीट लावल्या आणि ओल्या फरशीवरून अनवाणी आत गेली. पुसणारी मुलगी बघत राहिली, मग तिनं बादली वाटेतून बाजूला ओढली.

मालक अर्ध्या चड्डीतला तरुण होता, फ्रिजवाल्यांशी बोलत होता. मॅनेजरनं त्याला सगळं सांगितलेलं असावं, कारण तो आधीच तयारीत होता. तो इंग्रजीत म्हणाला, त्यानं ती रीतसर विकत घेतली आहे, त्याला सहानुभूती आहे, पण हे नाव ह्यांचंच कशावरून.

मी भाषांतर करायच्या आधी माई काउंटरपाशी पोचली होती. तिनं न बघता घंटेवरून बोट फिरवलं आणि घासलेल्या जागी थांबवलं. मग निपाणीच्या माणसाला विचारलं, "इथं काय लिहिलं होतं, वाचता येतं का तुला?"

"कै., आजी," तो म्हणाला.

"सांग तुझ्या मालकाला. कै. असते तर चालत आले नसते."

त्यानं सांगितलं. कन्नडमध्ये, बराच वेळ, खाली बघून. मालक एकदा माईच्या अनवाणी पायांकडे बघायचा, एकदा पाटीकडे. शेवटी त्यानं हात हलवला, घ्या, असा, आणि फ्रिजकडे वळला. माफी मागितली नाही. मलाही नको होती.

माईनं दोरी धरली आणि एकदा वाजवली. ओठ हलले. काय बोलली, मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंही. आवाज विरेपर्यंत सगळे उभे होते, फ्रिजवालेसुद्धा. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आयतु." (झालं.) "आता काढ."

मी पदर खोचला, पेटीतला पाना घेतला, बारच्या उंच स्टुलावर चढले. बोल्ट गंजलेला होता, सुटायला वेळ लागला. खाली श्रीकांत दोन्ही हात वर करून उभा होता. शेवटचा आटा सुटला आणि घंटेचा सगळा भार त्याच्या हातांवर आला.

"जड आहे गं," तो म्हणाला.

"धर," मी म्हटलं.